मुक्तद्वार संशोधन

मराठीत ‘मुक्तद्वार’ हा शब्द बहुधा भोजनाच्या संदर्भात येतो. ज्या पंगतीला आमंत्रणाची अट नाही, पाटावर बसणाऱ्याला ‘तू कोण, कोठला’ असे कोणी विचारीत नाही, ते मुक्तद्वार भोजन. विद्यापीठीय संशोधन सर्वांस वाचावयास मिळावे ह्यासाठी गेल्या पंचवीस वर्षांत जगभर जी चळवळ उभी राहिली, तिच्यासाठी मराठीत ‘मुक्त प्रवेश’, ‘खुला प्रवेश’, ‘मुक्त उपलब्धता’ असे निरनिराळे प्रतिशब्द योजले जातात. त्यांतील ‘प्रवेश’ हा शब्द अडचणीचा आहे. तो ऐकताच विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे महाविद्यालयाची खिडकी आणि तिच्यासमोरची रांग उभी राहते. ‘मुक्तद्वार’ हा जुना शब्द त्या मानाने अर्थाच्या जवळ जातो, आणि प्रस्तुत लेखात तोच वापरला आहे. मात्र त्यानेही एक गैरसमज होण्याचा संभव आहे: मुक्तद्वार म्हणजे फुकट, एवढेच त्याचे तात्पर्य, असे कोणी समजेल.

इंग्रजीत ‘दाम न पडणारे’ आणि ‘बंधन नसलेले’ हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाने दाखविले जातात. त्यामुळे तिकडच्या लेखकांना आपणांस कोणता अर्थ अभिप्रेत आहे ह्याचा खुलासा दर वेळी करीत बसावे लागते. मराठीला ही अडचण नाही. ‘मोफत’ हा फारसीतून आलेला शब्द किमतीविषयी बोलतो, तर ‘मुक्त’ हा संस्कृत शब्द बंधनाविषयी. डिसेंबर २००१ मध्ये बुडापेस्ट येथे भरलेल्या बैठकीतून जो जाहीरनामा निघाला आणि १४ फेब्रुवारी २००२ रोजी प्रसिद्ध झाला, त्यात ह्या दोन्ही गोष्टी मागितल्या आहेत. संशोधनपर लेख दाम न देता वाचता यावा, हे तर झालेच. शिवाय तो उतरवून घेता यावा, त्याच्या प्रती काढून वाटता याव्यात, त्यात शब्दशोध घेता यावा, सूची करण्यासाठी तो यंत्राकडून चाळून घेता यावा, आणि कोणत्याही विधिसंमत कामी लावता यावा, असे तेथे म्हटले आहे. लेखकाकडे दोनच गोष्टी राखून ठेवल्या आहेत: आपल्या लेखनाचा विपर्यास होऊ न देण्याचा अधिकार आणि श्रेयाचा अधिकार. मराठीतील अनेक संस्था आज ‘मोफत’पर्यंत येऊन थांबल्या आहेत, ‘मुक्त’पर्यंत पोहोचलेल्या थोड्या. हा भेद पुढे कामास येईल.

संशोधन बंद राहते ते कसे, हे पाहण्यासाठी त्यामागील पैशाचा प्रवास ध्यानात घेतला पाहिजे. संशोधकाचे वेतन बहुधा सरकारी तिजोरीतून येते. तो लेख लिहितो आणि नियतकालिकाला विनामूल्य देतो. त्याचे परीक्षण त्याच्याच व्यवसायातले दुसरे दोघे-तिघे विनामूल्य करतात. मग प्रकाशक तो लेख वर्गणीच्या रूपाने विद्यापीठांच्या ग्रंथालयांना विकतो, आणि ती वर्गणीही पुन्हा सरकारी तिजोरीतूनच भरली जाते. कागद, खिळे, छपाई, टपाल ह्यांचा खर्च होता तोवर ह्या व्यवहाराला काही आधार होता. एक जादा प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आल्यानंतर तो आधार पुष्कळसा ढासळला. वर्गण्या मात्र उतरल्या नाहीत. पदार्थविज्ञानातील अभ्यासकांनी ह्यातून सर्वांआधी वाट काढली. लेख छापून येण्यापूर्वीच त्याच्या प्रती एकमेकांस टपालाने धाडण्याची प्रथा त्यांच्यात पूर्वीपासून होती. ऑगस्ट १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग ह्या शास्त्रज्ञाने लॉस अ‍ॅलामॉस येथील प्रयोगशाळेत तीच प्रथा संगणकावर आणली आणि ‘अर्काइव्ह’ नावाचे भांडार उभे राहिले. त्या क्षेत्रातील नवा लेख आज प्रथम तेथे वाचावयाचा आणि नियतकालिकात तो नंतर सवडीने येतो, अशी स्थिती आहे.

हा सारा ग्रंथपाल आणि प्रकाशक ह्यांच्यातला हिशेबाचा प्रश्न आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्याचा संबंध रुग्णालयातल्या खाटेशीही पोहोचतो, हे पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया ह्या देशाच्या अनुभवावरून दिसून आले. २०१४-१५ मध्ये इबोलाच्या साथीत तेथे सुमारे ४,८०० माणसे मृत्युमुखी पडली. हा रोग मध्य आफ्रिकेतला, पश्चिम आफ्रिकेत तो पूर्वी नव्हता, अशीच त्या वेळी सर्वत्र समजूत होती. साथ ओसरत आली असता, एप्रिल २०१५ मध्ये, लायबेरियाच्या आरोग्य खात्याच्या प्रमुख वैद्यकीय अधिकारी बर्नीस डान ह्यांनी दोन सहकाऱ्यांसह न्यूयॉर्कच्या एका दैनिकात एक लेख लिहिला. त्यात त्यांनी दाखवून दिले की, १९८२ साली युरोपातील एका विषाणुविज्ञानविषयक नियतकालिकात लायबेरियातील लोकांच्या रक्ताच्या तपासणीवर आधारलेला निबंध प्रसिद्ध झाला होता. इबोलाच्या स्थायी क्षेत्रात लायबेरियाचा समावेश करावयास हवा, असा त्याचा निष्कर्ष होता. तेथील आरोग्यकेंद्रांतील कर्मचाऱ्यांनी ही शक्यता ध्यानात ठेवावी, म्हणजे रुग्णालयातूनच रोग फैलावण्याचा धोका टळेल, असा इशाराही त्यात दिलेला होता.

तो इशारा लायबेरियात पोहोचला नाही. तसला एक निबंध उतरवून घ्यावयाचा तर ४५ डॉलर पडत होते, म्हणजे तेथील डॉक्टरचे सुमारे अर्ध्या आठवड्याचे वेतन. तथापि केवळ ह्या ४५ डॉलरांवर सारा दोष टाकणे बरोबर होणार नाही, आणि डान ह्यांनीही तसे केलेले नाही. १९८२ साली संगणकाच्या पडद्यावर काहीच वाचता येत नव्हते. निबंध बांधीव अंकांतच होता. ज्या अभ्यासांचा त्यांनी उल्लेख केला, त्यांत एकही लायबेरियन सहलेखक नव्हता. रक्ताचे नमुने लायबेरियातून गेले, निष्कर्ष युरोपात राहिला, आणि ज्यांच्या शरीरातून ते नमुने घेतले त्यांच्या देशाच्या आरोग्य खात्याला तो कोणी कळविल्याचे दिसत नाही. म्हणजे कुलुपे दोन होती. एक किमतीचे, ते पुढे डोळ्यांना दिसू लागले. दुसरे त्याहून जुने: ज्याच्याविषयी संशोधन केले त्याच्याकडे ते परत नेण्याची जबाबदारी कोणाचीच नाही, असा संशोधनाच्या व्यवहारात मुरलेला समज. पहिले कुलूप काढले तरी दुसरे आपोआप निघत नाही.

भाषाविज्ञानात रक्ताऐवजी शब्द घेतले जातात आणि शब्द परत न मिळाल्याने कोणी मरत नाही, हे खरे. परंतु व्यवहाराची घडण तीच आहे. कोशकार किंवा बोलींचा अभ्यासक गावोगाव हिंडतो, माणसांना बोलते करतो, त्यांचे शब्द, उच्चार, म्हणी, गोष्टी टिपून घेतो. हे सर्व लोक त्याला फुकट देतात, बहुतेक वेळा चहाही पाजतात. त्यातून जो ग्रंथ होतो तो मात्र त्यांच्या हाती क्वचितच येतो. मराठीच्या बाबतीत ह्या नियमाला एक मोठा आणि सुखद अपवाद घडला आहे. तो मराठी भूमीपासून फार दूर, शिकागो येथे घडला, आणि म्हणूनच तपशिलाने पाहण्यासारखा आहे.

जेम्स थॉमस मोल्सवर्थ ह्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि बरीच वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईत प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीत सुमारे ४०,००० व दुसरीत सुमारे ६०,००० शब्द होते. जॉर्ज आणि टॉमस कँडी ह्या बंधूंचे साहाय्य सर्वश्रुत आहे. शब्द जमविणाऱ्या शास्त्रीमंडळींचे आणि त्यांना ते सांगणाऱ्या कुणबी, कारागीर, बायाबापड्यांचे साहाय्य तितके सर्वश्रुत नाही. कोश सरकारी आश्रयाने झाला. पुढे तो दुर्मीळ झाला आणि मोठ्या ग्रंथालयांतून, बहुधा ‘बाहेर नेण्यास मनाई’ असा शिक्का मिरवीत, पडून राहिला. १९७५ साली पुण्यास त्याचे पुनर्मुद्रण झाले. त्याच्या प्रती प्राध्यापकांच्या घरी आल्या, पण त्यापलीकडे फारशा गेल्या नाहीत.

शिकागो विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचे कोश संगणकावर आणण्याचा जो प्रकल्प झाला, त्यात मोल्सवर्थचा समावेश झाला. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा पैसा त्यासाठी मिळाला. तेथे मोल्सवर्थ एकटा नाही. श्रीधर गणेश वझे ह्यांचा १९११ चा शालेय कोश, दाते-कर्वे प्रभृतींचा १९३२ ते १९५० ह्या काळात खंडशः निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’, मॅक्सीन बर्नसन ह्यांचा १९८२-८३ चा पायाभूत कोश, आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस ह्यांचा १९९९ चा प्राचीन मराठीचा कोश, असे पाच कोश एकाच दाराआड नांदतात. शब्द देवनागरीत लिहिला तरी सापडतो. नाव नोंदवावे लागत नाही, वर्गणी नाही, ‘तू कोण, कोठला’ हा प्रश्न नाही.

ह्याचा रोजच्या जगण्यातील उपयोग किती, हे एका शब्दावरून पाहावे. समजा, एखाद्या शेतकरी कुटुंबाला पेटीत पणजोबांच्या जमिनीसंबंधीचा जुना कागद सापडला, आणि त्यावर ‘राजीनामा’ असा मथळा आहे. आजच्या मराठीत राजीनामा म्हणजे नोकरीचा किंवा पदाचा त्याग. पणजोबा तर कोणाच्या नोकरीत नव्हते; मग हा राजीनामा कशाचा? शब्दाची फोड पाहिली तर ‘राजी’ म्हणजे संमत आणि ‘नामा’ म्हणजे लेख. राजीखुशीने लिहून दिलेला कागद. मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात जुना खातेदार जमिनीवरील आपला हक्क सोडताना ‘राजीनामा’ देई आणि नवा खातेदार ‘कबुलायत’ लिहून देई. म्हणजे ह्या कागदाचा जोडीदार असा दुसरा कागद कोठे तरी असला पाहिजे. एवढे कळले की वकिलाकडे जाणारा माणूस योग्य प्रश्न घेऊन जातो. ‘मिरास’ आणि ‘उपरी’, ‘वतन’ आणि ‘वहिवाट’ ह्या शब्दांचेही असेच आहे. त्यांच्या अर्थांत एकेका घराण्याच्या हक्कांचा इतिहास साठलेला आहे. कोशातील अर्थ न्यायालयात निर्णायक ठरत नाही, हे सांगावयास नकोच. पण न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाण्यापूर्वी माणसाला पुष्कळ काही समजावे लागते, आणि तेवढ्यासाठी पुण्यास येऊन ग्रंथपालाची मनधरणी करण्याची गरज उरली नाही, हा लाभ लहान नाही. मोडी कागदपत्रांचे लिप्यंतर करणारे, अनुवादक, शाळामास्तर, वृत्तपत्रांच्या कचेरीतले उपसंपादक, परदेशात वाढणाऱ्या मुलांना आजीचे पत्र वाचून दाखविणारे आईबाप, हे सर्व त्याच दाराने येतात-जातात. त्यांची मोजदाद कोणत्याही संशोधन-अहवालात होत नाही. ‘परिणामांक’ नावाचा जो आकडा विद्यापीठांतून पूजिला जातो, त्यात ह्यांपैकी एकही माणूस धरला जात नाही.

येथे एका उलट परिणामाकडेही पाहिले पाहिजे. जे सहज हाती येते तेच हळूहळू प्रमाण ठरू लागते. मोल्सवर्थ खुला आहे म्हणून एखाद्या शब्दाचा १८५७ सालचा अर्थ आजचा म्हणून पुढे केला जातो. त्या कोशात विविध जातींविषयी आणि स्त्रियांविषयी येणारी विधाने त्या काळाच्या आणि सांगणाऱ्यांच्या पूर्वग्रहांसकट येतात, आणि पडद्यावर ती आजच्याच टवटवीत अक्षरांत दिसतात. जुन्या कागदाचा पिवळेपणा वाचकाला जो इशारा देत असे तो नाहीसा झाला आहे. ह्यानंतरच्या पिढ्यांनी मराठीविषयी जे नवे, अधिक काटेकोर संशोधन केले, त्यातील बराच भाग महागड्या इंग्रजी नियतकालिकांत आणि त्याहून महागड्या ग्रंथांत बंद आहे. फार काय, मराठी समजू पाहणारी यंत्रेही आता महाजालावर जे मोकळे सापडेल त्यावरच शिकतात. तेव्हा एकोणिसाव्या शतकाचे दार सताड उघडे आणि विसाव्या-एकविसाव्या शतकाचे दार किलकिले, अशी ही स्थिती केवळ गैरसोयीची नाही. भाषेविषयीच्या लोकसमजुतीला ती मागे ओढते.

लेखाधिकाराचा कायदा ह्याला काही अंशी कारण आहे. भारतात १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे अधिकार टिकत असे. १९९२ साली, रवींद्रनाथांच्या ग्रंथांवरील विश्वभारतीचा अधिकार संपत आलेला असताना, ही मुदत साठ वर्षे करण्यात आली. परंतु सर्व दोष कायद्यावर ढकलणे हे सोयीचे आहे, खरे नव्हे. तुळपुळे-फेल्डहाउस ह्यांचा कोश अधिकाराच्या मुदतीत असूनही सर्वांस खुला आहे. कोठे दार बंद आहे ते पाहिले, तर कित्येकदा आड येतो तो कायदा नसून ‘विचारले कोणी नाही’ एवढेच कारण आढळते.

बोलींच्या अभ्यासात ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. डॉ. अ. मा. घाटगे ह्यांनी १९६३ पासून मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची माला सिद्ध केली. शासनाच्या साहित्य-संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. त्यातील ‘कुडाळी’ हा १९६५ चा ग्रंथ आजही वर्णनात्मक भाषाविज्ञानाचा उत्तम वस्तुपाठ म्हणून विद्यार्थ्यांना द्यावा असा आहे. पण तो इंग्रजीत आहे आणि त्यातील कुडाळी वाक्ये रोमी चिन्हांत आहेत. कुडाळच्या ज्या माणसांनी ती वाक्ये उच्चारली, त्यांच्यापुढे तो ग्रंथ फुकट नेऊन ठेवला असता तरी तो त्यांच्यासाठी मिटलेलाच राहिला असता. ह्यात घाटग्यांना दोष देण्याचा हेतू नाही. त्या काळी विद्वत्तेची ती रीतच होती. मात्र भाषा आणि लिपी ह्यांचे हे तिसरे कुलूप बुडापेस्टच्या जाहीरनाम्यात जवळजवळ दिसतच नाही, कारण तो लिहिणाऱ्यांना ते कधी अडले नव्हते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने अलीकडे जे बोलींचे सर्वेक्षण केले आहे, ते ह्या बाबतीत एक पाऊल पुढे गेले आहे. त्याचे संकेतस्थळ मराठीतही आहे; नात्यांचे शब्द, व्याकरणिक रूपे ह्यांचा प्रदेशवार विस्तार तेथे नकाशांवरून पाहता येतो. ह्याचा उपयोग कोणाला? प्रथम शिक्षकांना. पुण्याकडून विदर्भात बदलून गेलेला शिक्षक ‘तो जेवून राहिला’ हे वाक्य वहीत पाहतो आणि तांबड्या शाईने खोडतो. कोल्हापूरकडची मुलगी ‘मी आलो’ म्हणते तेव्हा वर्गात हशा पिकतो. ह्या दोन्ही रचना चुका नसून त्या त्या प्रदेशातील नियमबद्ध रूपे आहेत, हे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी कळते. शिक्षकाला ते सेवानिवृत्तीपर्यंत कळत नाही, कारण त्याच्यापर्यंत ते कोणी आणले नाही. हे ज्ञान त्याच्या हाती असते तर तो प्रमाण मराठी शिकविणे सोडणार नाही. मुलाच्या तोंडातली भाषा खोडून न टाकता तिच्या शेजारी दुसरी भाषा ठेवील. मूल पहिल्या इयत्तेत बोलते राहते की गप्प होते, हे पुष्कळदा एवढ्यावर ठरते.

आता विद्यापीठांच्या स्वतःच्या घराकडे वळावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आवश्यक ठरविले. गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राच्या ‘शोधगंगा’ ह्या भांडारात आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. जगातील मोठ्या प्रबंधभांडारांत त्याची गणना व्हावी. पूर्वी प्रबंध म्हणजे परीक्षक, मार्गदर्शक आणि वाळवी ह्यांनीच वाचावयाची वस्तू होती. तो आता कोणालाही उघडता येतो. चौर्य उघडकीस येऊ लागले, हा त्याचा एक आनुषंगिक आणि काहींना गैरसोयीचा लाभ.

परंतु मराठीतील प्रबंधांचे काय? येथे एक अगदी यांत्रिक, पण जिव्हारी लागणारी गोष्ट घडली आहे. बरेच मराठी प्रबंध युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेले आहेत. ह्या टंकांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या पोटात त्या जागी एखादे रोमी अक्षर किंवा चिन्ह साठविलेले असते. टंक काढून घेतला की सारा प्रबंध निरर्थक चिन्हांची रास होतो. दुसरे कित्येक प्रबंध कागदावरून छायाचित्रासारखे उतरविलेले आहेत. त्यांत अक्षरे नाहीतच, अक्षरांची चित्रे आहेत. दोहोंचा परिणाम एकच. डोळ्यांना प्रबंध वाचता येतो, पण ‘ओवी’ किंवा ‘पाणंद’ हा शब्द घालून शोध केला तर तो सापडत नाही. शीर्षके रोमी लिपीत देण्याची पद्धत तर अधिकच घातक आहे, कारण एकाच मराठी शब्दाचे रोमी लेखन प्रत्येक नोंदणी-लेखनिक आपल्या कानाप्रमाणे करतो. दीर्घ आणि ऱ्हस्व, ‘ट’ आणि ‘त’, ‘ळ’ आणि ‘ल’ एकमेकांत मिसळतात. असा प्रबंध मोफत आहे, मुक्त नाही. पंगत मांडली आहे, दारही उघडे आहे, फक्त वाड्याचा पत्ता कोणाला सांगितलेला नाही.

ह्याच्या तुलनेत शासनाच्या दुसऱ्या मोठ्या योजनेचे स्वरूप वेगळे आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना संमत केली. २०२५ ते २०२७ ह्या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, आणि लाभार्थी म्हणून सुमारे ६,३०० शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्था. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला एरवी ज्या नियतकालिकांची नावेही ऐकावयास मिळत नसत, ती त्याला एकाएकी वाचावयास मिळाली. हा लाभ मोठा आहे आणि तो मान्य न करणे कृतघ्नपणाचे होईल. पण ही मुक्तद्वार पंगत नव्हे. सरकारने सुमारे एक कोटी ऐंशी लाख पाहुण्यांचे पान विकत घेतले आहे. शासकीय संस्थेच्या ओळखपत्राशिवाय आत जाता येत नाही. पदवी घेऊन बाहेर पडताच विद्यार्थी पुन्हा दाराबाहेर येतो. गावात दवाखाना चालविणारा डॉक्टर, शेतीचा प्रयोग करणारा शेतकरी, सेवानिवृत्त शिक्षक हे तर बाहेरच आहेत.

दुसरीकडे, वाचकाकडून न घेता लेखकाकडून दाम घेण्याची पद्धत पाश्चात्त्य प्रकाशकांनी काढली आहे. ‘नेचर’ ह्या विख्यात नियतकालिकाने २०२१ पासून लेख खुला करण्यासाठी लेखकाकडून आकारावयाचे शुल्क आरंभी ९,५०० युरो ठेवले होते. मानव्यविद्यांतल्या अध्यापकाच्या दृष्टीने हा आकडा विनोदी आहे. दार उघडले, पण स्वयंपाकघराचे बंद केले, असा हा प्रकार आहे. त्याच्या आडोशाने लेख न वाचताच शुल्क घेऊन छापणारी बनावट नियतकालिकेही निघाली. २०१८ साली अनुदान आयोगाला आपल्या मान्य सूचीतून एकदम ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. त्यामुळे ‘खुले म्हणजे हलके’ असा समज विभागाविभागांतून पसरला आहे. परीक्षणाची कसोटी आणि वितरणाची रीत ह्या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत, हे लक्षात घेतले की तो समज टिकत नाही. ब्राझीलमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या ‘सायलो’ ह्या व्यवस्थेने दक्षिण अमेरिकेतील शेकडो नियतकालिके सार्वजनिक पैशातून खुली ठेवली आहेत, आणि तीही स्पॅनिश-पोर्तुगीज भाषांत. मराठीतील संशोधन-पत्रिकांची जातकुळी ह्या व्यवस्थेच्या अधिक जवळची आहे. त्या कधीच नफ्यासाठी निघाल्या नाहीत. त्यांचे जुने अंक खुले केल्याने कोणाचे काही बुडत नाही.

एका मर्यादेचा उल्लेख केल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. सर्वच संशोधनसामग्री खुली असावी, असे नाही. बोलींच्या अभ्यासात माणसे विश्वासाने बोलतात. घरातील भांडणे, जातीवरून सोसलेला अपमान, देवीच्या अंगात येण्याची हकीकत ध्वनिमुद्रिकेत येऊन जाते. आदिवासी समाजांत काही गाणी विशिष्ट विधीशिवाय म्हणावयाची नसतात. ती अभ्यासकासाठी म्हटली ह्याचा अर्थ ती जगासाठी म्हटली असा होत नाही. निष्कर्ष खुला करणे आणि माणूस उघडा करणे ह्यांत अंतर आहे. आजवरच्या पद्धतीत मात्र नेमके उलटे होत आले आहे. निवेदकाचे नाव, गाव, वय, जात ही सारी माहिती परिशिष्टात छापली जाते, आणि त्याच्या बोलीविषयीचा निष्कर्ष त्याला न कळणाऱ्या भाषेत, न परवडणाऱ्या किमतीत बंद होतो.

हे टाळावयाचे तर निर्णय क्षेत्रकार्यापूर्वीच घ्यावे लागतात. ध्वनिमुद्रण कोठे ठेवले जाईल, त्यातील कोणता भाग कोणाला ऐकता येईल, नाव द्यावयाचे की नाही, निष्कर्षाचा दोन पानी मराठी गोषवारा गावातल्या शाळेकडे कोण आणि केव्हा पोहोचविणार, ह्या बाबी संमतिपत्रातच, निवेदकाला समजेल अशा मराठीत, लिहिलेल्या असल्या पाहिजेत. प्रबंध सादर करण्याच्या दिवशी हे प्रश्न आठवले तर उशीर झालेला असतो. तोवर तीन-चार वर्षे लोटलेली असतात, आणि ज्या आजीबाईंनी ओट्यावर बसून सारी दुपार गोष्टी सांगितल्या, त्यांना विचारावयास जावे तर त्या हयात असतीलच असे नाही.